नुसतं वापरून बघताना

प्रिय चिमणे,

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो, म्हणून हे पत्र जरा उड्या मारत जाईल. तुझा कॉलेजातला संगणक पुन्हा चालू झालाय. तुझ्या दादाने तो भंगारात द्यायचा घाट घातला होता. दोन जीबी मेमरीत हल्ली काही चालत नाही म्हणे. मी म्हटलं, मग मलाही देऊन टाक. तो हसला नाही. हल्ली तो माझ्या विनोदांना हसत नाही, नुसता निरखून बघतो.

मग हलकं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, शोधायची मोहीम निघाली. एक असेल तर शपथ! जितकी माणसं तितकी लिनक्सं, आणि जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो. पपी नावाचं सगळ्यात हलकं, पण त्यात मला काही म्हणता काही सापडेना. दुसऱ्या एकाची अक्षरं मुंगीएवढी. लुबुंटू तेवढं पटलं. दादाने ते पेनड्राइव्हवर घालून लावून दिलं, आधी वापरून बघा म्हणाला आणि कामावर गेला. मी लगेच छापखान्यातल्या आठवणी लिहायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पान गायब. पुन्हा लिहिलं, पुन्हा गायब. तुझ्या वहिनीला सांगितलं, तर ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच लिहिलं होतं का?" माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्याच संध्याकाळी तुम्ही भावंडांनी परस्पर विसरण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीत, आणि ती रद्द कर म्हणून मी तुझ्यावर फोनवर खेकसलो.

परवा उलगडा झाला. पेनड्राइव्हवरून नुसतं वापरून बघताना संगणक बंद केला की लिहिलेलं सगळं पुसलं जातं! इन्स्टॉल करायचं चित्र पहिल्या दिवसापासून पडद्यावर होतं. मी जाहिरात समजून त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दादाकडून नीट बसवून घेतलं आणि पान पुन्हा लिहिलं. काल सकाळी पान जागच्या जागी. मी घरभर मिरवलो. दादाने माझी माफी मागितली, वहिनीने तर डोळे पुसले.

एवढंच असतं तर फोन केला असता. काल दुपारी त्याच आनंदात पाय मोकळे करायला गेलो, आणि परत येताना आपली गल्ली सापडेना. औषधाच्या दुकानासमोर, जिथून रोज वळतो तिथेच उभा होतो, आणि कुठे वळायचं ते सुचेना. कुणाला विचारायची लाज वाटली. शेवटी शेजारच्या बाई दिसल्या, त्यांच्या मागोमाग घरी आलो. घरात सगळे इतके खूश होते की तोंड उघडवेना. पानं संगणकाने घालवली, गल्ली मात्र मीच विसरलो. मला फार भीती वाटते गं. डॉक्टरांची वेळ पुन्हा घे, आणि मला न्यायला तू ये. दादालाही तूच सांग. त्याने कालच माझी माफी मागितली आहे, मला त्याला हे सांगणं जमायचं नाही.

तुझाच,
बाबा