जाळीतला झेंडू

१२ मे
दादा अखेर हो म्हणाला. अट घातली, त्याशिवाय दादा कसला. बाबांची बार्ज वेसाव्याहून गोराईच्या खाडीत स्वतःच्या इंजिनावर गेली तर ठेवायची, डागडुजी करायची. ओढून न्यावी लागली तर थेट भंगारात. "बाबा गेले. आता लोखंडाशी कसली माया रे?" माझी आहे माया, काय करू.
सुकाणूवर पास्कल. बाबांच्या हाताखाली शिकलेला. विचारायच्या आधीच तयार.

१४ मे
सकाळच्या भरतीला निघालो. आई कांदिवलीहून रिक्षाने आली. नारळ, हळदकुंकू, झेंडूचे दोन हार. इंजिन चालूच होतं. एक हार पुढच्या टोकाला, नाळीला बांधला, एक पाण्यात सोडला. पूजा झकास.
मढच्या पुढे गेलो नाही तोच इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. इंजिन बंद, नांगर टाकला. वाट लागली. समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा पंप, तोच मेला असणार. निवल्यावर रडतखडत मढला लागलो.
दादाचा फोन. "ओढायला बोट सांगू?" ठेवून दिला.

१५ मे
पंप पिशवीत घालून मरोळला. ओळखीच्या वर्कशॉपवाल्याने उघडला, फिरवला, परत हातात दिला. "ह्याला काय धाड भरलीय?" ठणठणीत. मग काय? रात्री जेवण गेलं नाही. बार्ज भंगारात गेलेली नुसती डोळ्यासमोर...

१६ मे
पंप बसवला. मग जाळी उघडली, पाणी आत येतं तिथली. खरं तर आधी तीच बघायची, पण आम्ही हुशार ना.
आत झेंडू. पाकळ्यांचा लगदा आणि हाराचा दोरा. आईने हार सोडला तो बरोबर पाणी खेचणाऱ्या तोंडापाशी. आणि "आई, इथून सोड, इथे कठडा नाही" हे सांगणारा कोण? मीच.
हसून हसून पोट दुखलं. पास्कल म्हणाला, "आईंना सांगू नको हां, मनाला लावून घेतील." इंजिन चालू केलं, काटा जागेवर. किती हलकं वाटलं.

१७ मे
दादा बरोबर आला. खात्री करायला, दुसरं काय. मनोरीच्या खाडीच्या तोंडातून आत शिरेपर्यंत सगळं व्यवस्थित. आता पोचलोच, म्हणतोय तर फटकन आवाज. पंपाचा पट्टा तुटला. इंजिन बंद.
भरती आत चालली होती, तिच्याबरोबर बार्जही. पण किनाऱ्याच्या चिखलाकडे सरकायला लागली. पास्कलने एक बांबू मला दिला. दुसरा दादाने स्वतःच उचलला, ऑफिसच्या पँटीत. दोघांनी ढकलत ढकलत गोराईच्या धक्क्याला लावली.
मी म्हटलं, "ओढली नाही कोणी."
"इंजिनानेही नाही आणली."
मग चहा. दोघांच्याही हाताला फोड. तुटलेला पट्टा आवरताना सापडला नाही.

१८ मे
ठेवायची की भंगारात, दादाने सांगितलं नाही अजून. मीही विचारलं नाही.
आईचा फोन. सुखरूप पोचली म्हणून पूजा करायचीय, हार घेऊन येते. म्हटलं, ये, इंजिन बंद ठेवतो. "ते कशाला?" "शांतता बरी असते गं पूजेला."
दुपारी दादाचा मेसेज. फोटोत कुठल्यातरी दुकानाचा काउंटर, त्यावर आमचा तुटका पट्टा आणि शेजारी नवा. खाली एवढंच, "हाच साइज ना?"
हो म्हणून कळवलं.