बागेत पाणी कोण सोडतंय?

१८ नोव्हेंबर
आज परत डाळिंबं फुटली! साल उभी चिरलेली, दाणे उघडे, माशा घोंगावून राह्यल्या. दुकानदारानं औषधच खोटं दिलं असंल. त्याचं तोंड बघितलं तवाच वाटल्तं.

२० नोव्हेंबर
कृषी सहायक येऊन गेले. म्हणले, "पुंजाराम, औषधाचा दोष न्हाई. तुम्ही माती सुकू देता अन् मंग एकदम पाणी सोडता. दाणे फुगतात, साल तेवढी ताणली जात न्हाई, फळ फुटतं. थोडंथोडं द्या, पण बराबर द्या." आकांक्षा चहा घेऊन उभी होती, तिनं बी ऐकलं.

लग्न ठरल्यापासून पोरगी गप्पच हाय. कॉलेजची परीक्षा झाल्यावर करा म्हणत होती. असं कुठं असतंय! तिची आई वंदना म्हणती, "सासरी जायचं म्हणलं की पोरी अशाच होतात." व्हय, असंल. माल निघाला की माघात लग्नाचा बार उडवायचा. सोयऱ्याला शब्द दिलाय.

२४ नोव्हेंबर
फुटणं थांबलं. हुश्श!

२७ नोव्हेंबर
वाटूरच्या बाजारातून आलो तर बागेत चिखल! मी पाणी सोडलंच न्हाई! कोण आल्तं?

२९ नोव्हेंबर
टोपलंभर फुटली. हे सर्जेरावाचंच काम! चुलतभाऊ — बांधाला बांध, विहीर सामाईक. त्याची बाग रोगानं गेली, माझी उभी. डोळ्यांत खुपणारच! परवा विचारत होता, "माल कधी तोडून राह्यला?" तुला काय करायचं रे? कुठंतरी पाणी मुरतंय.

१ डिसेंबर
मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं. चावी घरात, खुंटीला. बघतो आता कोणाचा बाप येतो!

४ डिसेंबर
परत चिखल! कुलूप जसंच्या तसं. म्हंजे दुसरी चावी केली भामट्यानं! पारावर गाठून चार लोकांत शिव्या घातल्या. म्हणला, "देवाशपथ भाऊ, तुझ्या बागेत पाय न्हाई टाकला." चोराच्या उलट्या बोंबा! कौसल्यावहिनी रडायला लागली नवऱ्यासाठी. रडू दे.

७ डिसेंबर
व्यापारी बाग बघून आल्या पावली परत. असला माल घेत न्हाई म्हणला. आता माघात लग्न कशाचं? सोयऱ्याला फोन लावला, लग्न पुढं ढकला म्हणलो. वंदनाच्या गळ्याखाली घास उतरला न्हाई. आकांक्षा मात्र लई दिवसांनी पोटभर जेवली. लेकरू हाय, तिला काय कळतं.

सर्जेरावाला सोडणार न्हाई. उद्या ठाण्यात जातो, नाव देतो.

८ डिसेंबर
गेलो न्हाई. आकांक्षा दारात आडवी उभी राहिली. "काकाचं नाव देऊ नका, बापू. पाणी मी सोडलं. माल गेला तर लग्न तरी लांबंल."

हात उचलला होता. खाली आला.

सोयरीक ठरवताना मी तिच्या मामाला विचारलं, सर्जेरावाला बी विचारलं. तिला न्हाई.