बाबांच्या हाताला झेपेल असं

रविवार, २४ सप्टेंबर २००६, सिंगापूर

बाबांना परवाना मिळाला. नाशिकला शेजारच्या बंगल्यात दरोडा पडल्यापासून त्यांनी हेच डोक्यात घेतलं होतं, पण मला वाटलं, एकट्या म्हाताऱ्या माणसाला कोण देतंय. आज फोनवर मलाच विचारतात, "पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्व्हर? तू इंटरनेटवर बघून सांग." जसा काही मिक्सर घ्यायचाय.

दुकानात दोन्ही शस्त्रं हातात धरून पाहिली म्हणे. पिस्तुलाची वरची पट्टी मागे ओढवेना. रिव्हॉल्व्हर बरं वाटलं, पण चाप जड. आणि तो उजवा हात! मे महिन्यात इथे आले होते, तेव्हा डाव्या हाताचा आधार दिल्याशिवाय चहाचा कप तोंडापर्यंत जात नव्हता. मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

"इकडे या ना राहायला," मी म्हटलं.

"येऊन काय करू? लिफ्टने खाली जाऊ आणि वर येऊ?"



तन्वी अभ्यास सोडून ऐकत होती. "आजोबांना गन? कॅनॉट लाह, असं नाही चालत, पोलीस पकडतील." इथेच वाढलेली पोर. तिला वाटतं, पोलीस सगळीकडे वेळेवर येतात.

दसऱ्याला पूजेत ठेवणार म्हणतात. आम्ही इथे लॅपटॉप ठेवतो.

घेऊ नका, असं म्हणायचं होतं. पण मग त्या घरात त्यांच्याजवळ आहे कोण? मी तर नाही. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "रिव्हॉल्व्हरच घ्या, बाबा. पण दोन्ही हातांनी धरा."

"कपासारखं ना?" ते म्हणाले.