जादच्या मोटारीची सीट

९ जानेवारी

नजला आली होती. जाद जाऊन वर्ष होत आलं तरी काळे कपडे उतरवत नाही. बसली नाही, कॉफीही घेतली नाही. "वदीह, जादची मोटार करून दे. छोटी, तुझ्या कपाटात असतात तशी. वर्षाच्या प्रार्थनेला त्याच्या फोटोशेजारी ठेवीन."

बहिणीला नाही कसं म्हणणार? भाच्यावर जीवही होता माझा. पण तिच्या नवऱ्याचं तोंड आठवलं आणि डोकं फिरलं. तान्योस! वीस वर्षं, दर ईस्टरला, भरल्या ताटावर — "आमचा मेहुणा काय करतो? खेळतो!" मग अरक दारूचा पेला उंच करायचा आणि सगळ्यांनी हसायचं. माझी बायको असती तर तीही हसली असती. बरं झालं, लग्नच केलं नाही.

१४ जानेवारी

बाजारातून छोटी पांढरी मर्सिडीज आणली आणि पार सोलून काढली. गुळगुळीत, निर्जीव डबा! गाडी माणसाची व्हायची तर तिच्यात माणसाची घाण यायला हवी. जुन्या फ्लॅनेलचा भुगा डिंकावर भुरभुरला, सतरंजी झाली. चाकांच्या वर खडूची तांबडी पूड चोळली, आमच्या बेका खोऱ्यातल्या मातीचा रंग. आरशाला तांब्याची तार आणि तारेला निळ्या रंगाचा थेंब. खऱ्या मोटारीत तो मणी नजलानेच बांधला होता, नजर लागू नये म्हणून. लागली ना!

पेडलं कापताना आठवलं — आम्ही दोघं बापाच्या ट्रकवर शिकलो. उंचीही दोघांना बापाचीच, पाय लहानपणीच पोचायचे. नजला नेहमी अनवाणी चालवायची. "पायाला कळलं पाहिजे," म्हणायची. जाद गेला त्या अपघातापासून बिचारी स्टिअरिंगला हात लावत नाही.

२० जानेवारी

गॅरेजवाल्या मिल्हेमकडून फोटो मिळाला! मोटार भंगारात जायच्या आधी त्याने काढलेला. चालकाचं दार उखडलंय, त्यामुळे आतलं सगळं दिसतं. शेजारच्या सीटच्या पायाशी दोन तपकिरी ठिपके. भिंग लावलं. बूट असावेत, एकावर एक पडलेले. तान्योसचेच असणार, गाडीत बसला की पाय मोकळे करून पसरायची खोड आहे त्याला. पुट्टीचे दोन बूट केले, तांदळाच्या दाण्याएवढे. जे फोटोत आहे ते मोटारीत यायलाच हवं. त्यात मी देवाचंही ऐकत नाही.

२१ जानेवारी

चालकाची सीट! काल बुटांच्या नादात पाहिलीच नाही. पार मागे, शेवटच्या खाचेत!

जाद बुटका. स्टिअरिंग छातीला टेकवून चालवायचा. "खातोस की काय ते?" म्हणून आम्ही चिडवायचो. त्या सीटवरून त्याचे पाय पोचणारच नाहीत. आणि तान्योस ताडमाड. बैरूतच्या लग्नातून तिघं परतत होते. तान्योस तिथे किती प्यायला हे अख्ख्या जाहले गावाला ठाऊक आहे. पोलिसांना काय सांगितलं? "मुलगा चालवत होता." मेलेल्या पोराच्या माथी मारलं! आणि गाव त्याला अजून अबू जाद म्हणतं, जादचा बाप!

नजलाला काही सांगितलं नाही. ती तेव्हा मागे झोपली होती म्हणते. तिलाही प्रार्थनेच्या दिवशीच कळू दे, सगळ्यांच्या देखत.

२ फेब्रुवारी

तान्योस स्वतः आला. मोटार पाहून डोळे भरले त्याचे. मग सीटवर नजर गेली आणि चेहरा उतरला. मी मजेत चिमटा पुसत बसलो.

"सीट जरा पुढे घे ना. कोण एवढं बघतंय?"

"मी बघतो, अबू जाद."

"वदीह, तुझे हात चुंबतो. नजलासाठी."

"नजलाचं नाव कशाला? स्वतःसाठी म्हण की!"

खरंच वाकला माझ्या हातावर. वीस वर्षांनी खेळण्यापुढे वाकला! मी म्हटलं, बघू. रात्री छान जेवलो.

३ फेब्रुवारी

सीट पक्की चिकटवली. आता कुणाच्या बापाला सरकायची नाही.

१ मार्च

झालं! प्रार्थना संपली, चर्चच्या दिवाणखान्यात कडू कॉफी फिरत होती. मी मोटारीचं दार नखाने उघडलं आणि मोठ्याने विचारलं, "अबू जाद, सीट बरोबर आहे ना? एवढ्या मागून जादचे पाय पोचायचे का रे?"

 त्याने आधी नजलाकडे पाहिलं. ती काहीतरी बोलायला उठत होती, तर तिचा खांदा दाबून त्याने तिला खाली बसवलं. मग म्हणाला, "मीच चालवत होतो."

लोकांनी कप तसेच भरलेले खाली ठेवले. मयताच्या घरची कॉफी न पिता उठणं, याहून मोठा अपमान नाही! त्याचा सख्खा भाऊ त्याच्या पायाशी थुंकून गेला. मी माझा कप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

नजला मोटारीत डोकावून बसली होती. वर बघितलंच नाही तिने.

२ मार्च

तान्योस आपल्या पायांनी पोलीसचौकीत गेला म्हणे. आतच ठेवलाय. खेळतो म्हणे मी!

४ मार्च

नजला मोटार घेऊन आली. चिमटा मागितला. आतले बूट खरवडून काढले, माझ्या तळहातावर ठेवले.

"हे चुकले तुझे, वदीह. माझ्या बुटांना टाच होती."