अप्पांचं पूर्ण नाव

सोम. ३ नोव्हेंबर
विश्रांतवाडीच्या पॅथॉलॉजी लॅबचं पत्र. आपला प्रोग्रॅम ज्या संगणकीय भाषेत लिहिलाय तिच्या जुन्या आवृत्तीवर चालतो, त्या आवृत्तीचा सपोर्ट संपला. महिनाअखेर नव्या आवृत्तीवर या, नाहीतर काम दुसऱ्याला. रिपोर्ट मेलने धाडायचं हे काम अकरा वर्षं माझं. असं कसं देईन?
ओंकारला (साहेब, माझ्याहून बारा वर्षांनी लहान) माझी जुनी फाईल सापडली. भाषेबरोबर तयार कोडची जी स्टँडर्ड लायब्ररी येते, तिच्यातला मेलचा भाग मी तेव्हा कॉपी करून बदलला होता. वर माझीच टीप: 'तात्पुरते. पुढच्या आठवड्यात काढणे. – सु.' त्याने ती अख्ख्या ऑफिसला वाचून दाखवली. सदाशिव पेठेत करमणुकीला तोटा नाही.

बुध. ५
ती कॉपी नव्या आवृत्तीवर चालतच नाही. काढली. आता भाषेची स्वतःची लायब्ररी. प्रोग्रॅमच्या सगळ्या चाचण्या पास.
"ताई, भाषा करणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं," इति ओंकार. राग आला. पण कॉपी का केली होती तेच आठवेना.

शुक्र. ७
आठवलं!
लॅबच्या डॉक्टरबाईंचा फोन. चाचणीच्या मेलमध्ये लांब नावांच्या मधोमध काळे चौकोन. "अहो, रिपोर्ट कोणाचा ते पेशंटला कळायला नको का?"
लायब्ररी लांब ओळ ठरावीक घरं मोजून कापते. इंग्रजी अक्षराला एक घर, मराठी अक्षराला तीन. कात्री अक्षराच्या मधून जाते. अकरा वर्षांपूर्वी मी हेच दुरुस्त केलं होतं. एवढ्या आवृत्त्या आल्या, चूक तिथेच. मी बरोबर होते. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.
ओंकारने माझी जुनी फाईल पुन्हा उघडून वाचली. मग हळूच, "ताई, तेव्हा त्यांना कळवलं होतंत?"
नाही. आपल्यापुरतं नीट केलं नि दार लावून घेतलं. त्यानंतर किती जणांची नावं फाटली असतील कोण जाणे. आनंद निम्मा झाला.

सोम. १०
पुन्हा कॉपी नाही. आपलंच छोटं फंक्शन, वीसेक ओळी: नाव अक्षर संपतं तिथेच कापायचं, मग लायब्ररीकडे. कल्पना ओंकारची, मान्य.
आणि भाषा सांभाळणाऱ्यांना चूक कळवली, दुरुस्तीसकट. सोबत चाचणी लागते, म्हणजे एक लांब नाव. पेशंटचं कसं देणार? अप्पांचं, माझ्या वडिलांचं, दिलं. त्र्यंबकेश्वर पुंडलिकराव हिंगणगावकर. हडपसरच्या कारखान्यात तीस वर्षं हजेरीपत्रकावर 'त्र्यंबकेश्वर पुं. हिं.' एवढंच मावायचं.

शनि. २२
लॅबमध्ये आठवडाभर नवी आवृत्ती. डॉक्टरबाई: "सगळी नावं धड आली." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच. काम आपल्याकडेच राहिलं. ओंकारने सामोसे आणले, पहिला मला. जिंकले.

गुरु. २७
भाषा सांभाळणाऱ्यांकडून उत्तर. चूक खरी, दुरुस्तीही योग्य. घेतलीच तर पुढच्या आवृत्तीत. आलेल्या आवृत्तीला आता हात लावत नाहीत. फक्त एक विनंती, चाचणीतलं नाव फार लांब आहे, छोटं चालेल का?
संध्याकाळी हडपसरला गेले. अप्पांना सगळं समजावलं: दुरुस्ती घेतली तर चाचणीही भाषेबरोबर राहते, पुढे कोणी तिथे काही बदललं की आधी तुमच्या नावावर तपासून बघणार. अप्पांनी चष्मा पुसला.
"पर पुरं हाय का?"
"पूर्ण आहे, अप्पा."
"मग ऱ्हाऊ दे."
परत येऊन उत्तर पाठवलं. नाव छोटं केलं की ते फाटत नाही आणि चूक दिसत नाही, सबब नाव कमी होणार नाही. एवढंच, आभारासह.
आपल्या फंक्शनवर टीप घातली: 'तात्पुरते. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत आली की काढणे. – सु.'
रात्रीचे अकरा. अजून उत्तर नाही.