तिसऱ्या भागाचा आकडा

३ मार्च
पोचलो एकदाचा! नोकरी विमानतळावर, तीही रनवेवर गाडी पळवायची. घरी गावभर उंडारतो म्हणून शिव्या खाल्ल्या, आता त्याचाच पगार. ही वही ताईनं दिली. रोज चार ओळी लिही, अक्षर सुधारेल म्हणाली. सातवीत शाळा सुटली, अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. खोली काडेपेटीएवढी, पण खिडकीतून विमानं दिसतात.

४ मार्च
काम समजलं. गाडीच्या मागे एक जादा छोटं चाक आहे. ते अर्धा ब्रेक लावून रनवेवर घासत न्यायचं, की पडद्यावर आकडा येतो. साठ म्हणजे पकड चांगली, विमान उतरून नीट थांबतं. चाळिसाच्या खाली गेला की घसरतं. विमानांच्या टायरचं रबर रनवेला चिकटतं, त्यावर पाणी पडलं की नुसता साबण. रनवेचे तीन भाग, तिन्ही आकडे रेडिओवरून टॉवरला कळवायचे. मुकादम म्हणाला, शेवटच्या भागात जाऊन डिझेल जाळू नकोस, दुसऱ्या भागाचाच आकडा ठोक, इथं सगळे तसंच करतात. आपल्या बापाचं काय जातंय! हसत हसत ‘साठ, साठ, साठ’ म्हणालो नि मोकळा झालो.

९ मार्च
ताई येतेय, पंधराला! आईमागं तिनंच मला वाढवलं. जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार. फोनवर म्हणाली, मी यायच्या आधी तुझा रस्ता झाडून ठेव, या वयात घसरायची हौस नाही. तिच्यासाठी म्हणून आज तिसऱ्या भागातही गाडी घातली. आकडा एक्केचाळीस. वर कडक ऊन. उतरून हात फिरवला. कोरडं, खरखरीत. रबराचा डागसुद्धा नाही.

११ मार्च
तिथं आज चौतीस. मेकॅनिकनं यंत्र तपासलं, ठणठणीत आहे. रनवेच्या टोकाला टायरचे दोन काळे पट्टे, सरळ बाहेर गवतात गेलेले. काल नव्हते. गवताचं एक पातंही मोडलेलं नाही. मुकादम म्हणतो, विमानं रोज थांबतायत, मग तुझ्याच पोटात का दुखतंय?

१३ मार्च
बावीस. पट्टे लांबलेत. रेडिओवर स्पष्ट ‘बावीस’ म्हटलं. नंतर टॉवरची नोंद पाहिली — साठ. तिथल्या बाई शपथेवर सांगतात, तू साठच म्हणालास.

१४ मार्च
ताईला फोन केला, येऊ नकोस. तिला वाटलं मी काहीतरी भानगड करून बसलोय. आता तर येतेच म्हणाली.
रनवे बंद ठेवा म्हणून मुकादमाच्या पाया पडलो. रजा घे म्हणाला.

१५ मार्च, दुपार
गाडीतूनच लिहितोय. नऊ. रेडिओवर ओरडलो — नऊ, उतरवू नका, माझी ताई आहे त्यात —
उत्तर आलं. साठ, साठ, साठ.
बाईंचा आवाज नाही. माझा. पहिल्या दिवसाचा. हसरा.

गाडी आडवी घालून रनवे अडवायला गेलो. ब्रेक दाबलाय — थांबत नाही — सावकाश घसरतेय, त्याच पट्ट्यांवरून — बाहेर, गवतात — दार उघडेना —
रनवे मोकळा झाला.
विमान दिसतंय. चाकं खाली आली. खिडकीशी बसणार होती ती —
पाय अजून ब्रेकवरच — आकडा शून्य —
ताई, मी साठ म्हणालो, पण मी तिथं गेलोच नव्ह