ताजं आमिष

प्रिय ताइस्तो,

अक्षर ओळखून पाकीट चुलीत घालू नकोस, लेका. एवढं वाच, मग खुशाल घाल.

तू तळं सोडून लेकीकडे गेलास त्याला तीन उन्हाळे झाले. दुकानात झिंग्यांबरोबर उकडायचे शेपूचे तुरे आलेत, पण तळ्यात झिंगेच नाहीत, तर ते घेणार कोण? तुझी होडी नव्या मालकाने निळी रंगवलीय. भयंकर दिसते.

परवा प्रयोगशाळेतली बाई आली होती. म्हणाली, झिंगे संपवणारा हा रोग बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नव्हे. त्याचे बारीक कण पाण्यात पोहत झिंग्यापाशी येतात, कवचाचा मऊ सांधा धरतात आणि तिथून आत तंतू घुसवतात. कवच वरून धड आणि आत मांसभर तंतू. म्हणून ते बिचारे भर दुपारी बाहेर येऊन चवड्यांवर चालल्यासारखे चालायचे आणि उताणे पडायचे. आपण दोघं धक्क्यावर उभे होतो. तू रडलास, मी शिव्या घातल्या.

मग तळ्यावरच्या मासेमारांच्या सभेत मीच उठलो. ताइस्तोने बाहेरच्या तळ्यावर नेलेले झिंग्यांचे पिंजरे रोग मारायला सॉनाच्या गरम खोलीत तापवले नाहीत, आळशी मेला, असं तुझ्याकडे बोट दाखवून बोललो. तू म्हणालास, अरे उर्हो, तापवले की, लाकडं तूच दिलीस! दिली होती. तरी मी बोट खाली घेतलं नाही.

पिंजरे मीही तापवले होते रे. पण गोठवून रोग मारलेल्या माशाला झिंगा तोंड लावत नाही, ही माझी फुशारकी. मेव्हण्याच्या तळ्यातून बादलीभर ताजे मासे आणले आणि तसेच आमिष म्हणून लावले. माशाच्या बुळबुळीतूनही रोग येतो. तिकडचे झिंगे मेल्याचा त्याचा फोन सभेच्या आदल्या दिवशी आला. म्हणजे बोट दाखवताना मला सगळं ठाऊक होतं.

काल सभेत उभं राहून हे सांगितलं. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. तुला परत बोलवायचं ठरलंय, ते कळवतीलच. मी लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तुझी बायको इर्या दवाखान्यात होती तेव्हा मी तिला भेटून आलो होतो. माझा हात धरून म्हणाली, उर्हो, तू तरी खरं सांग, माझ्या माणसाने पिंजरे तापवले होते ना? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिने हात सोडला. कळलं, म्हणाली. आठवड्याने ती गेली. तू तिच्याशी खोटं बोललास असं समजून गेली, ताइस्तो, आणि तू खरं बोलला होतास.

तुझाच म्हणवून घ्यायला लाजणारा,
उर्हो